पीठ मागेल तितके पाणी

तीर्थस्वरूप सासूबाई यांस,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानू लागले तर तुम्ही विषय बदलाल आणि शेंगा निवडायला लावाल, हे ठाऊक असल्यामुळे हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

रत्नागिरीकडच्या भातखाऊ घरातून मी मंगळवेढ्याला सून म्हणून आले, तेव्हा माझ्याजवळ एक वही होती आणि तिच्यात सगळे पदार्थ वाटी-चमच्यांच्या मापाने लिहिलेले होते. ज्वारीच्या भाकरीचे माप विचारले की तुमचे उत्तर ठरलेले असे: ‘पीठ मागंल तितकं पाणी.’ तेव्हा मला ही टाळाटाळ वाटायची. खरे तर याहून नेमके उत्तर देता येत नाही. ज्वारीत ग्लूटेन नसते, त्यामुळे गव्हाच्या कणकेसारखा तिला आपसूक चिवटपणा येत नाही. गिरणीतून नुकतेच आलेले पीठ साध्या पाण्यातही जुळते, पण डब्यात काही दिवस राहिले की त्याची विरी, म्हणजे जुळून येण्याची ताकद, जाते आणि मग आधणाच्या पाण्यातच ते मळावे लागते. वहीत माप लिहून घेतले असते तर ते त्या दिवसाच्या पिठापुरतेच खरे ठरले असते. तुम्ही पिठाची चिमूट माझ्या बोटांत देऊन ‘सांग, ताजं की जुनं’ एवढेच विचारत असा, आणि मी उत्तर देईपर्यंत पाण्याचे भांडे तुमच्याच हातात राही.

तव्यावरचा भाग मला सर्वांत अवघड गेला. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून टाकायची, तिच्यावर ओला हात फिरवायचा आणि ते पाणी पुरते सुकण्याआधी उलथायची; अगोदर उलथली तर ती तव्याला चिकटते, वेळ झाला तर वरचा पापुद्रा तडकतो आणि मग चुलीतल्या आरावर धरल्यावर आतली वाफ त्या भेगांतून निघून जाऊन भाकरी फुगतच नाही. हा क्षण घड्याळावर सापडत नाही, कारण तो तव्याच्या तापावर, भाकरीच्या जाडीवर आणि हवेवरही अवलंबून असतो. ओलेपणाची चमक जाऊन पृष्ठभाग मंद दिसू लागला की हात पुढे करायचा, हे तुम्ही कधी शब्दांत सांगितले नाही. माझा हात लवकर पुढे गेला की मनगट धरत होतात, आणि योग्य वेळी सोडत होतात. फोडणीतली मोहरी आणि चटणीसाठी भाजायच्या शेंगा मी पुढे आवाजावरूनच ओळखू लागले, त्यासाठी वेगळे शिकावे लागले नाही.

पाहुणे जेवून उठताना ‘तुमच्या हाताला चव आहे’ असे म्हणतात, आणि ते मनापासून म्हणत असले तरी मला ते खटकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिथली काळी जमीन आणि मालदांडी वाण यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण त्याच धान्याची परीक्षा रोज परातीत घेणाऱ्या बाईच्या ज्ञानाला आपण दैवी देणगी म्हणून मोकळे होतो. तुमच्या हाताला चव देवाने दिलेली नाही. चुलीपुढे वर्षानुवर्षे बारकाईने पाहून तुम्ही ती मिळवलीत, आणि मुख्य म्हणजे, स्वयंपाक उरकण्याची घाई असतानाही माझ्या वाकड्यातिकड्या भाकऱ्या थांबून पाहिल्यात. स्वतः थापल्या असत्यात तर अर्ध्या वेळात पंगत उठली असती. तुम्ही मला पोटभर वाढलेत त्याबद्दलचे आभार वेगळे. हे पत्र त्या थांबण्याबद्दल आहे.

नवी ज्वारी खळ्यावरून घरी आली की आमच्या वाटणीचे पोते बाजूला ठेवावे. दळण मी इथेच, लागेल तसे थोडे थोडे आणीन. आणि उन्हाळ्यात काळ्या मसाल्यासाठी तिकडे येईन तेव्हा खोबरे कुठवर भाजायचे ते मला ठरवू द्यावे. तुम्ही फक्त शेजारी बसावे.

कळावे,
आपली सून