गच्चीवरील सौर प्रकल्पाबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, लिफ्ट, पाण्याचे पंप व जिन्यातील दिवे यांच्या सामाईक वीजवापरासाठी गच्चीवर 10 किलोवॉटचा सौर प्रकल्प बसविण्याचा प्रस्ताव आगामी विशेष सर्वसाधारण सभेत मांडला जाईल. एका किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. पावसाळ्यात मात्र उत्पादन घटते, हे पुरवठादारांचे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सुविधांसाठी प्रति किलोवॉट 18,000 रुपये अनुदान मिळते, परंतु त्यासाठी पॅनेल देशी बनावटीचे असावे लागतात. शिल्लक वीज नेट मीटरमार्फत महावितरणच्या जाळ्यात जाऊन बिलातून वळती होईल. बॅटरी नसलेला असा प्रकल्प वीजपुरवठा खंडित होताच सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो, त्यामुळे भारनियमनात लिफ्ट चालेल अशी अपेक्षा कृपया ठेवू नये. गच्चीवरील कुंड्या, जुने फर्निचर व वापरात नसलेल्या डिश अँटेना संबंधितांनी जागेच्या मोजणीपूर्वी हलवाव्यात आणि लेखी हरकती सभेआधी कार्यालयात द्याव्यात.

व्यवस्थापक समितीच्या वतीने,
मानद सचिव