माळ्यावरचं मिग

प्रिय सोनू,

फोनवर सांगायला गेले असते तर तू "आई मीटिंग आहे" म्हणाला असतास आणि माझं निम्मं पोटातच राहिलं असतं, म्हणून सरळ लिहायलाच बसले. माळ्यावरचं प्लॅस्टिकचं मिग विमान खाली काढलंय. हो तेच, तू सहा वर्षांचा असताना गॅलरीतून सोडलेलं.

२६ सप्टेंबरला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ह्या लढाऊ विमानाला निरोप दिला ना, तो कार्यक्रम मी टीव्हीवर पूर्ण बघितला. १९६३ ला आलेलं विमान २०२५ ला गेलं, बासष्ट वर्षं. बाबा दोनदा येऊन विचारून गेले की जेवायचं काय, मला उठवतच नव्हतं. सारखे तुझे आजोबा, आमचे अण्णा आठवत होते. ते असते तर काय केलं असतं माहितीये, टीव्हीचा आवाज बंद केला असता आणि नुसती विमानं बघितली असती. त्याच दिवशी दुपारी स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले.

तुला नाशिकजवळच्या ओझरची कॉलनी म्हणजे फक्त आजोळ माहिती, पण आमचं अख्खं लहानपण त्या विमानांच्या आवाजात गेलं रे. कारखाना हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, पण एचएएल म्हणायचंच नाही कोणी, "मिगमध्ये कामाला आहेत" असंच सांगायचे, अजून पण जुनी माणसं तसंच म्हणतात. १९६४ ला कारखाना सुरू झाला, इंजिनं कोरापुटला व्हायची, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि विमानाचा सांगाडा नि जोडणी आपल्या ओझरला, द्राक्षांच्या बागांच्या शेजारी. अण्णा शीटमेटलला फिटर. टेस्ट फ्लाइट असली की शाळेत बाई फळ्यापाशी हात तसाच धरून थांबायच्या, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आवाज गेला की पुढचा शब्द. आणि माझ्या मनात एकच, की हे आमच्या अण्णांनी केलंय. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ल्याला मिग-२१ गेली होती ते अण्णा सांगायचे तेव्हा त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

ते किट १९८४ चं. मुंबईच्या मामाने आणलेलं, एअरफिक्स कंपनीचं, १:७२ स्केल, खऱ्याच्या बहात्तर पट लहान. म्हणजे खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७ मीटर १५ सेंटीमीटर, आपलं दहा सेंटीमीटरला जरासं कमी. मी पाचवीत होते. दिवसभर खरं मिग जोडून आलेला माणूस रात्री जेवण झाल्यावर स्टोव्हच्या पिनेने गोंद लावत माझ्याबरोबर प्लॅस्टिकचं मिग जोडत बसायचा, पंधरा दिवस चाललं होतं ते. मला घाई, अण्णांना अजिबात नाही. एक तुकडा लावला की आज एवढंच. रंग मात्र मी दिला, खिडकीच्या ग्रिलला मारतात तो सिल्व्हर, जाडजूड थर, ओघळ आलेले.

तर आता काय निघालं डब्यातून ते ऐक. मला वाटलेलं सगळे तुकडे एका पिशवीत कोंबलेले असतील. पण तू ते सोडलंस त्या संध्याकाळी अण्णा खाली पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन गेले होते ना, ते सगळं गोळा करून त्यांनी प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळलाय, वर त्यांच्या त्या सरळ अक्षरात लिहिलंय. "डावा पंख, मुळाशी तडा." "चाकाचा पाय, पुढचा, वाकलेला, तुटलेला नाही." बारीकसारीक सगळं एका फिल्म रोलच्या काळ्या डबीत. आणि वर चिठ्ठी, "नाही: मागचा आडवा पंख १, नाकापुढची नळी." कारखान्यात जॉब पुढच्या शिफ्टला देताना लिहावं तसं. म्हणजे कोणीतरी हे पुढे करेल असं त्यांनी धरलंच होतं, आणि मी अकरा वर्षं ते गेल्यावर तो डबा उघडला पण नाही.

दिवाळीला तू आलास तेव्हा मुद्दाम बोलले नाही, तेव्हा सगळं सुटं होतं आणि मला खात्री नव्हती जमेल की नाही. आता सांगते कसं केलं.

जुने सांधे ओढून काढायचे नाहीत. हा गोंद नुसता चिकटवत नाही, प्लॅस्टिक वितळवून दोन्ही भाग एक करतो, त्यामुळे ओढलं तर भलतीकडेच तुटतं. जिथे गोंद नुसता वरवर बसलाय तेवढंच सुटतं, आणि त्यासाठी झिपच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये चार तास. गारठ्याने गोंद ठिसूळ होतो, हलकेच दाबलं की टक्‌ करून सुटतो. मटारच्या शेजारी विमान बघून बाबा काही बोलले नाहीत, नुसते हसले.

मग तो सिल्व्हर काढायचा. थिनर अजिबात नाही, किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते विरघळतं त्याने. काचेच्या बरणीत डेटॉल, पाणी न घालता, त्यात एक रात्र बुडवून ठेवलं. पहिला तुकडा मी सवयीने नळाखाली धरला आणि सुटलेल्या रंगाचा असा चिकट लगदा झाला की तो काढता काढता संध्याकाळ गेली. पाणी लागलं की तसंच होतं त्याचं, आधी डेटॉलमध्येच टूथब्रशने घासून रंग पूर्ण काढायचा आणि मग साबणाचं पाणी. घरभर दवाखान्यासारखा वास होता दोन दिवस.

आणि त्या रंगाखाली, उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाशी, एक अंगठा आहे.

आधी मला वाटलं डाग आहे. मग खिडकीशी नेऊन तिरपं धरलं तेव्हा रेषा दिसल्या, गोल गोल, आणि मधून आडवी गेलेली एक पांढरी चीर. अण्णांच्या उजव्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याची खूण होती, तुला आठवते का? गोंद बाहेर आलेला असणार, प्लॅस्टिक मऊ पडलेलं, आणि सांधा धरेपर्यंत ते पंख दाबून बसलेले असणार, त्यांच्या त्या बिनघाईच्या पद्धतीने. एकेचाळीस वर्षं तो ठसा माझ्या त्या ग्रिलच्या रंगाखाली होता. मी खूप वेळ काही केलंच नाही त्या दिवशी, नुसती घेऊन बसले होते. तिथे पॉलिश पेपर लावणार नाहीये मी. मास्किंग टेप लावून ठेवलीये त्यावर, बाकी सगळं घासलं.

हरवलेला मागचा पंख तुझ्या जुन्या गेमच्या सीडीच्या कव्हरचा केलाय. ते पण पॉलिस्टायरीनच असतं म्हणून हाच गोंद धरतो. जो एक शिल्लक होता तो उलटा ठेवून आखून घेतला, ब्लेडने एकाच रेषेवर आठ-दहा वेळा हलक्या हाताने ओरखडे काढले आणि टेबलाच्या कडेवर मोडला, एकदम कापायला गेलं की तडकतं. दोन तडकले, तिसरा जमला. नळीच्या जागी हातशिलाईची सुई. कॉकपिटची काच टूथपेस्टने सुती फडक्यावर घासून घासून स्वच्छ केली आणि फेविकॉलने बसवली, झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने ती पांढरी पडते.

आता जे सांगायला खरं बसले ते. त्या दिवशी मी तुला मारलं. एक नाही, दोन. आणि "माझ्या वस्तूंना पुन्हा हात लावायचा नाही" म्हणाले, आणि तू खरंच नंतर कधी लावला नाहीस, माझं कपाट उघडायचं असलं तरी दारात उभा राहून विचारायचास, अजून विचारतोस. तू ते मोडायला नव्हतं रे सोडलं. तुला ते उडताना बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी तू अण्णांना विचारलंस, "आजोबा, याला पेट्रोल लागतं का?" आणि अण्णा तुला मांडीवर घेऊन म्हणाले, "पेट्रोल नाही, जेटला केरोसीनसारखं इंधन लागतं," आणि मग तासभर तुला पंखाखालची हवा नि इंजिन समजावत बसले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तेव्हाच बाहेर येऊन तुला जवळ घ्यायला हवं होतं. नाही आले. माझं चुकलं बाळा, मनापासून सांगते. एवढी वर्षं सांगायचं राहिलं ह्याचं जास्त वाईट वाटतं.

अण्णांना शेवटी शेवटी त्या विमानाबद्दल पेपरात यायचं त्याचा फार त्रास व्हायचा. "उडती शवपेटी" असं छापून आलं की पेपर घडी करून ठेवून द्यायचे. कितीतरी पोरं गेली त्यात, त्यांच्या आयांचं दुःख मी कमी लेखत नाही. अपघाताची बातमी आली की आमच्या कॉलनीत कोणाकडे धड जेवण व्हायचं नाही, मी बघितलंय ते. पण सहाशेहून जास्त मिग-२१ ओझरला झाली, आणि त्यातल्या कितीतरी विमानांच्या पत्र्याला अण्णांसारख्यांचा हात लागलेला आहे, तो जीव लावून लागलेला आहे, हे पण खरं आहे आणि ते कोणीतरी लिहून ठेवलं पाहिजे म्हणून लिहिते.

नाताळला येतोयस ना? अंगावरचा सिल्व्हर ह्या वेळी पातळ पातळ देईन. पण पंखावरचे गोल माझ्याच्याने होणार नाहीत, चष्मा लावून पण हात हलतो. बाहेर केशरी, मग पांढरा, आत हिरवा, सगळं मिळून जेमतेम सेंटीमीटरभर. तू शाळेत असताना शाडूच्या गणपतीचे डोळे रेखायचास तसा श्वास धरून करायचं काम आहे, ते तूच कर. येताना ट्रिपल झिरो नंबरचा ब्रश घेऊन ये, इथे मिळाला त्याचे केस सुटतात. नाकाच्या शंकूचा हिरवा रंग मी आणून ठेवलाय.

आणि कपाट उघडायला विचारू नकोस, विमान खालच्या कप्प्यात आहे.

तुझी,
आई