पहिल्या वर्षाचे इंग्रजी गाइडवर सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचा हंगाम आला की कोल्हापुरात ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे फलक झळकू लागतात. चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याकडून मराठी माध्यमातून आलेली मुले तिथे फी भरतात आणि कॉलेजात सक्तीच्या इंग्रजीच्या पेपरासाठी गाइड पाठ करतात. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे ही मुले बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेली असतात. तरीही अर्ज लिहायचा म्हटले की त्यांना घाम फुटतो. पाठांतराने पेपर सुटतो, पण दुसऱ्या वर्षी इंग्रजीतले संदर्भग्रंथ समोर आले की सगळे तसेच अडते. पालक आणि प्राध्यापक दोघांनीही याकडे पाहावे, म्हणून हे पत्र.

आधी वाचनाचे बोलू. शब्दकोश न उघडता मजकूर समजायचा तर शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात, असे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आदींच्या अभ्यासातून दिसते. एकदम इंग्रजी अग्रलेख हातात दिला तर मुलगा प्रत्येक ओळीला अडखळतो, शब्दांवर मराठी अर्थ लिहीत बसतो आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरतो. म्हणून पुस्तक निवडताना मधलेच एक पान उघडून शंभर शब्द मोजावेत. दोनांहून जास्त अडले तर ते पुस्तक तूर्त ठेवून द्यावे आणि सोपे घ्यावे. कुमारांसाठीचे पुस्तक वाचण्यात कमीपणा मुळीच नाही. रोज वीस मिनिटे पुरतात, पण खाडा नको. सर्वाधिक वापरातली २ हजार शब्दकुले, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे, पक्की झाली की अभ्यासाच्या पुस्तकातला सुमारे ८० टक्के मजकूर ओळखीचा होतो. भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांची, सगळ्या विषयांच्या अभ्यासग्रंथांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची शैक्षणिक यादी त्यात आणखी सुमारे १० टक्क्यांची भर घालते. गाइडमधली पन्नास तयार उत्तरे पाठ करण्याऐवजी तेवढाच वेळ या यादीला दिला तर तो सगळ्याच विषयांत उपयोगी पडतो.

लेखनातल्या चुका बऱ्याचदा मराठीच्या वळणातून येतात. ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ हे आपल्याकडे खपते, म्हणून मुले ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ लिहितात. ‘यस्टर्डे’सारखा ठरावीक गतकाळ आला की इंग्रजीत ‘हॅव’ चालत नाही, ‘आय सॉ हिम’ हवे. ‘याबद्दल चर्चा’मधून ‘डिस्कस अबाऊट’ येते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे नाहीत, त्यामुळे ‘आय ॲम स्टुडंट’ ही चूक पदवी मिळाली तरी टिकते. तपासणीची युक्ती सोपी आहे: मोजता येणारे एकवचनी नाम दिसले की त्याच्या आधी ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’सारखा काही शब्द आहे का ते पाहायचे. नाम मोजता येते की नाही हे विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात ‘सी’ आणि ‘यू’ या खुणांनी दिलेले असते. इंग्रजी-मराठी कोशात सहसा ते नसते.

उच्चारांत ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपण सारखेच म्हणतो. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. त्याहून मोठी अडचण आघाताची. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टो’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. कोशात शब्दाच्या ज्या भागावर जोर असतो त्याच्या आधी छोटी उभी रेघ असते, ती पाहायची सवय लावावी.

श्रुतलेखन शाळेतच सोडून द्यायची गोष्ट नव्हे. ऐंशी शब्दांचा उतारा तीनदा वाचावा: आधी सलग, मुलांनी फक्त ऐकायचे. मग तुकड्यातुकड्याने, लिहायला वेळ देत. शेवटी पुन्हा सलग, तपासण्यासाठी. ‘वॉक्ट’ ऐकून ‘वॉक’ लिहिले जाते, कारण शेवटचा भूतकाळाचा ध्वनी कानाला जाणवतच नाही. जो ध्वनी कानाला जाणवत नाही, तो बोलतानाही गळतो.

शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांना विनंती आहे की, प्रवेशानंतर पहिल्याच आठवड्यात एका तासाची पातळी चाचणी घ्यावी आणि शाखा कोणतीही असो, तिच्यावरून गट पाडावेत. आठवड्याच्या तासांपैकी निदान एक तास विसेकांच्या गटात बोलण्या-लिहिण्याच्या सरावाला द्यावा. दर आठवड्याला एक परिच्छेद लिहून घ्यावा. तपासताना सगळ्या चुका लाल करू नयेत, त्याने मुले खचतात आणि काहीच लक्षात राहत नाही. एका वेळी एकाच प्रकारची चूक अधोरेखित करावी, दुरुस्ती मुलानेच करावी आणि गुण दुसऱ्या मसुद्याला द्यावेत. भरगच्च वर्गात हे कसे जमणार, हा प्रश्न रास्त आहे. पण रिक्त जागा भरल्याशिवाय त्याला उत्तर नाही, आणि ती मागणी पालकांनीही प्राध्यापकांच्या बरोबरीने लावून धरली पाहिजे.

आपले,
इंग्रजीचे काही प्राध्यापक, कोल्हापूर