वरचे की खालचे?

न्यूयॉर्क
१८ डिसेंबर २०२३

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही "बरं, बरं, घे, आईशी बोल" एवढंच म्हणता, म्हणून या वेळी कागद घेतला. पत्र काही आईच्या हातात देऊन सुटका होत नाही. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, पण मधे मधे तुझं काही घालू नकोस. आणि त्यांचा चष्मा फ्रिजवर असेल, बघ.

तर शनिवारी मी आणि ओम एका जुन्या गाडीत बसून आलो. डिसेंबरात दर शनिवारी इथे सबवेवर, म्हणजे जमिनीखालच्या रेल्वेवर, १९३० च्या दशकातले डबे पुन्हा धावायला आणतात. तिकीट नेहमीचंच, २ डॉलर ९० सेंट. म्हणजे २४० रुपये, बाबा. गुणाकार तुम्ही करणारच, म्हणून मीच करून टाकला. आमच्या जॅक्सन हाइट्सहून एफ गाडीने सेकंड अ‍ॅव्हेन्यूला उतरलो, तर प्लॅटफॉर्मवर हीऽऽ गर्दी. बायकांच्या डोक्याला पिसांच्या टोप्या, पुरुषांना आजोबांच्या काळातले लांब कोट. मुद्दाम तसे कपडे घालून येतात. गाडीत वाजवणारे होते, नाचणारे होते. भर डब्यात जोडीने नाचत होते आणि "चला, पुढे सरका, दारात उभं राहू नका" म्हणून ओरडायला कोणीही नव्हतं. तुम्ही हवे होतात.

डबा आतून कसा होता ते सांगते. बाकं वेताची विणलेली, वर बसलं की करकर करतात. छताला आपल्या घरातल्यासारखे पात्यांचे पंखे. उघडे पिवळे बल्ब, आणि त्या बल्बची एक गंमत तुम्हाला आवडेल. इथे बल्बांचे आटे उलटे ठेवत. लोक डब्यातले बल्ब काढून घरी न्यायचे, म्हणून. उलट्या आट्याचा बल्ब घरच्या होल्डरमध्ये बसत नाही, मग न्यायचा कशाला? हे वाचून मला एकदम आपल्या नळावरची साखळीने बांधलेली लोटी आठवली.

गाडी सुटली की मोटार कण्हायला लागते. खर्जात सुरू होते आणि वेग वाढेल तशी वर वर चढत जाते. ५९व्या रस्त्यापासून १२५व्यापर्यंत मधे एकही थांबा नाही. तिथे ड्रायव्हरने गाडी अशी सोडली की सगळा डबा खडखडायला लागला. मधे मधे दिवे जाऊन यायचे आणि दर वेळी सगळा डबा 'होऽऽ' करून ओरडायचा. चाळीत लाइट आल्यावर ओरडायचो, तसं.

ओमला मात्र यातलं काही नको होतं. त्याला पहिल्या डब्यातली पुढची काच हवी होती. जुन्या डब्यांना पुढच्या टोकाला एक दार असतं आणि त्याला काच. ड्रायव्हरची खोली एका कोपऱ्यात, म्हणून त्या काचेला नाक लावून उभं राहिलं की बोगदा, रूळ, लाल-हिरवे सिग्नल सगळं अंगावर धावून येतं. आता नव्या गाड्यांत ड्रायव्हरची खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्यामुळे पुढे बघायची सोय गेली. अशी काच असलेल्या स्टीलच्या गाड्या होत्या, १९६४ सालच्या. त्याही जानेवारी २०२२ मध्ये बंद झाल्या. तेव्हा ओम चार वर्षांचा होता आणि मी त्याला एकदाही त्या काचेपाशी उभं केलं नव्हतं. रोज ऑफिसला त्याच सबवेने जात होते, पण सुचलं नाही.

शनिवारी त्या काचेपाशी कोण होतं सांगू? सत्तरीचे तीन म्हातारे. गळ्यात कॅमेरे. पोर खाली घुटमळतंय, कोटाला हात लावतंय, पण एक जण हलायला तयार नाही. मला राग यायच्या ऐवजी हसूच यायला लागलं. डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पहिल्या सीटसाठी मी आणि बाळ्या असेच मारामारी करायचो. शेवटी १४५व्या रस्त्याला गाडी परत फिरताना म्हाताऱ्यांना दुसऱ्या टोकाला जायला उशीर झाला, आणि येताना ओमला काच मिळाली. नाक इतकं दाबून धरलं होतं की काचेवर शेंबडाचा गोल उमटला. आई, पुसला मी. रुमालानेच पुसला.

आता मुद्द्याचं. बाबा, या गाडीवर कंडक्टर असतो. तसा तो इथे रोजच्या गाडीवरही असतो, तिकीट मात्र फाडत नाही. गाडीच्या मधल्या डब्यात बसतो, दारं उघडतो, लावतो. प्रत्येक स्टेशनवर प्लॅटफॉर्मच्या मधोमध काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक फळी टांगलेली असते. गाडी थांबली की आधी तिच्याकडे बोट दाखवायचं, मग दारं उघडायची. गाडी नीट जागेवर लागली आहे की नाही, हे डोळ्यांनी बघितल्याची ती खूण. १९९६ पासून हा नियम आहे. ओम घरी फ्रिज उघडतानासुद्धा आधी बोट दाखवतो.

पण त्या जुन्या डब्यांत कंडक्टरला खोलीच नाही. तो दोन डब्यांच्या मधे, बाहेर उभा राहतो. एक पाय या डब्याच्या पायरीवर, एक पाय त्या डब्याच्या. दारांची बटणं दोन्ही बाजूंना, दोन हातांत दोन डबे. तिथे उभा राहून मान वर काढून अख्खा प्लॅटफॉर्म बघायचा, मग दारं लावायची. १९३२ साली ही लाइन सुरू झाली तेव्हापासून थंडी असो, उन्हाळा असो, हेच.

१४५व्या रस्त्याला गाडी उभी होती तेव्हा तो खाली उतरून हातमोजे झटकत होता. पन्नाशीचा असेल, काळा, उंचापुरा. माझ्या तोंडून निघून गेलं, की माझे वडील मुंबईत बसवर कंडक्टर होते, दोन मजली बसवर. म्हणाला, दोन मजले आणि कंडक्टर एक? म्हटलं, नाही, दोन. एक वर, एक खाली. वरच्याने दोरी ओढून घंटी द्यायची. त्याने लगेच विचारलं, "मग ते वरचे की खालचे?"

आणि बाबा, मी गप्प. तेहतीस वर्षं तुम्ही नोकरी केलीत, आणि मला हे माहीत नाही.

कसं असणार? ड्यूटीवर घरचं माणूस नको, हा तुमचा नियम. आम्ही रविवारी राणीच्या बागेत जायचो तेसुद्धा दुसऱ्याच्या बसने. तुमचा डबा आई डेपोच्या गेटपर्यंत न्यायची, आणि मला वेबिल, शिफ्ट, स्टार्टर हे शब्द माहीत, ते फक्त जेवताना ऐकलेले. तुमच्या गाडीत मी आयुष्यात एकदाच बसले. तुम्हाला आठवतं का कोण जाणे. आठवीत होते. विज्ञान प्रदर्शनाहून परत येताना साकीनाक्याला ३३२ आली, आम्ही चौघी मैत्रिणी धावत वर गेलो. पुढची सीट रिकामी, समोरची खिडकी उघडी, केस नुसते उडत होते. आणि मागून पंचाची टिक-टिक जवळ येत आली. मी वळून बघितलं तर तुम्ही. खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे. मी पाचची नोट पुढे केली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "सुटे द्या."

द्या! मला. मैत्रिणींना काही कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून नाही, बाबा. मी इतकी बावरले होते की तुम्ही माझे वडील आहात हे मलाच क्षणभर खरं वाटेना. तुम्ही तिकीट फाडलंत, पंच केलंत, उरलेले पैसे मोजून हातावर ठेवलेत आणि पुढच्या बाईकडे वळलात. ते तिकीट मी गुंडाळी करून घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं होतं. रात्री जेवताना तुम्ही एवढंच म्हणालात, "बाहेर पडताना सुटे ठेवावेत." आईला काही समजलंच नाही. आई, आता समजलं ना?

त्या एका दिवसाच्या भरवशावर मी त्या माणसाला सांगितलं, "वरचे." त्याने मान डोलावली. म्हणाला, "म्हणजे जिना रोजचा." आणि गेला त्याच्या दोन पायऱ्यांवर पाय ठेवून उभं राहायला.

मी बरोबर सांगितलं का? की तुमची अदलाबदल व्हायची, आठवडा वर, आठवडा खाली? घंटी एक म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, एवढं मला माहीत आहे. पण वरच्याने दोन दिल्या आणि खालच्या दारात अजून कोणी चढतंय, मग? वर उभे प्रवासी घ्यायचे नाहीत हा नियम होता, तरी पावसात लोक जिन्यावर उभे राहायचेच. त्यांना तुम्ही खाली उतरवायचात की कानाडोळा करायचात? खरं सांगा, आता कोणी मेमो देणार नाही.

न्यूयॉर्कलाही डबल डेकर होत्या, हे तुम्हाला माहीत नसेल. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर. १९३१ सालची एक अजून जपून ठेवली आहे, तिचं नाव बेट्सी. जुन्या बसगाड्यांच्या प्रदर्शनात मी ती मागे एकदा पाहिली. वरचा मजला उघडा, मागे वळणाचा जिना. त्या बसचं भाडं दहा सेंट, म्हणजे सबवेच्या दुप्पट. कंडक्टरच्या हातात एक छोटं यंत्र असायचं, त्याच्या फटीत प्रवाशाने नाणं सारायचं आणि आत घंटी वाजायची. सुट्यांचा वादच मिटला! त्या बस १९५३ साली बंद झाल्या. आपली १९३७ साली आली आणि परवापरवापर्यंत टिकली.

ते परवापरवाचं पण मला आईने सांगितलंय, बाबा. १५ सप्टेंबरला शेवटची डिझेल डबल डेकर ४१५ वर अंधेरीहून सीप्झला जाणार होती. तुम्ही दुपारी बीपीच्या गोळ्या आणायला म्हणून निघालात आणि चार तासांनी आलात. गोळ्या न घेता. शर्टाच्या खिशाला झेंडूची पाकळी चिकटलेली होती म्हणे. मला तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त हार-फुगे लावलेल्या बसचा फोटो पाठवलात, खाली एक अक्षर नाही. मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. मीटिंगमध्ये होते. शनिवारी गाडीत बसल्यावर मला तो अंगठा फार वेळ टोचत होता.

आईचं मत मला माहीत आहे: बरं झालं गेल्या. साडीच्या निऱ्या सांभाळत त्या वळणाच्या जिन्याने चढायचं, वर गेलं की मळमळायचं, पावसात खिडकीशी बसलेल्याची एक बाजू ओली. नवी एसी डबल डेकर तुला आवडते, हे तू मला तीनदा सांगितलंस. चुकीचं नाही काही. इथेही तेच आहे. टोप्या घालून नाचणाऱ्यांना वर्षातून एक शनिवार वेताची बाकं गोड वाटतात. जुलैच्या उकाड्यात रोज त्या पंख्यांखाली उभं राहून कामाला जायचं असतं तर कोणी नाचलं नसतं. आणि सगळंच काही जपत नाहीत. इथल्या अडीच हजारांहून जास्त जुन्या डब्यांची दारं-खिडक्या काढून ते समुद्रात ढकलून दिले, माशांना घर म्हणून. डेलावेअरच्या किनाऱ्यापुढे लाल रंगाच्या डब्यांचा एक ढीगच आहे तळाशी. ओमला हे सांगितल्यापासून तो विचारतोय की मासे पुढच्या काचेशी बसतात का. मला उत्तर सुचलं नाही, तुम्ही द्या.

आम्ही २० जानेवारीला निघतोय, तीन आठवडे राहू. ओमला आणिक डेपोतलं बेस्टचं म्युझियम दाखवायचं आहे, आणि ते तुम्हीच दाखवायचं. तुमचा पंच तुम्ही निवृत्त होताना जमा केलात, पण बिल्ला देवाच्या खणात आहे ना? आई, चिंचेने घासू नकोस, तसाच राहू दे. ओमला तो काळाच बघायचा आहे.

बाकी इकडे बरं आहे. निखिलचा खोकला थांबला. आई, गोडा मसाला संपत आलाय, बाळ्याबरोबर पाठवू नकोस, तो विसरतो. मीच येताना नेईन. बाबा, गोळ्या आणल्यात का?

आणि वरचे की खालचे, तेवढं फोनवर सांगा. त्या वेळी फोन आईकडे देऊ नका.

तुमची,
बेबी