अँटेनाच्या सिग्नलबाबत तक्रार : बूस्टर काढून न्यावा, मूळ दोष दुरुस्त करावा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या तंत्रज्ञाने बसवलेला बूस्टर (सिग्नल वाढवणारे यंत्र) परत घेऊन अँटेनाच्या केबलमधील दोष हमीखाली दुरुस्त करून मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या घरच्या टीव्ही अँटेनाची तक्रार आपल्या नोंदीत ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद केलेली आहे. तसा संदेशही मला आला. तो वाचत असताना समोर बातम्या देणाऱ्या बाईंचे अर्धे तोंड पडद्यावर गोठलेले होते आणि आवाज तुटक तुटक येत होता. तेव्हा तक्रार पुन्हा उघडावी. या वेळी सगळे लेखी देत आहे, कारण फोनवर दर खेपेला नवीन व्यक्ती असते आणि गाडी पुन्हा ‘टीव्ही बंद करून चालू करा’पासून सुटते.

मूळ दुखणे साधे होते. पाऊस झाला की काही चॅनेल फुटायचे, चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. चांगले ऊन पडले की आपोआप सुधारायचे. बाकीचे चॅनेल भर पावसातही स्वच्छ दिसायचे. डिशच्या सिग्नलला पावसाच्या सरी अडवतात हे खरे, पण साध्या अँटेनावर येणाऱ्या लहरींना पावसाने जवळजवळ काही होत नाही. म्हणजे भिजत होते ते आमचेच काहीतरी, आणि तेही घराबाहेरचे. एवढ्यावरून जाणत्या माणसाने थेट गच्ची गाठली असती.

आपल्या तंत्रज्ञाने टीव्हीच्या मेनूतली पट्टी पाहिली, “सिग्नल कमी येतोय” असे जाहीर केले, टीव्हीच्या मागे बूस्टर जोडला, बिल फाडले आणि तो निघाला. गच्चीवर तो गेलाच नाही. त्याच्या पिशवीत सिग्नल मोजायचा मीटर होता की नाही हे मला ठाऊक नाही, बाहेर मात्र निघाला नाही.

त्या दिवसापासून पूर्वी पावसात होणारा त्रास कोरड्या दिवसांतही होऊ लागला. मेनूत सिग्नलची ताकद आता काठोकाठ भरलेली दिसते, पण खालची गुणवत्तेची पट्टी सारखी वरखाली होत असते आणि मध्येच शून्यावर येते. आपल्या फोनवरील प्रतिनिधींनी ताकदीचा आकडा ऐकून “मग टीव्हीतच दोष असेल” असा निकाल दिला. दोन पट्ट्या दोन निराळ्या गोष्टी सांगतात हे त्यांना कोणीतरी शिकवावे. चित्र ठरते गुणवत्तेवर. बूस्टरवर 26 डेसिबल (सिग्नलची वाढ-घट मोजायचे एकक) असे छापले आहे, म्हणजे शक्ती सुमारे 400 पट. पण ती वाढ सिग्नलसोबत केबलमध्ये शिरलेल्या गोंगाटालाही मिळते, आणि बूस्टर स्वतःची थोडी भर घालतो ती वेगळीच. बोलणे ऐकू येत नाही म्हणून साऱ्या गर्दीच्याच हाती कर्णा द्यावा, तसला हा उपाय. बूस्टर लावायचाच असेल तर तो वर, अँटेनाजवळ लावतात, केबलमध्ये सिग्नल घटायच्या आधी. आमची केबल 20 मीटरच्या आसपास आहे. धड केबलमध्ये तेवढ्या लांबीला तीन-चार डेसिबलच घट होते. त्यासाठी बूस्टर लागत नाही.

त्यातून तो बूस्टर 47 ते 862 मेगाहर्ट्झ या वारंवारतेच्या पट्टीतले सगळेच वाढवतो. टीव्हीच्या वापरातली वरची पट्टी एके काळी 862पर्यंत होती खरी, पण आता अनेक देशांत 694च्या वरचा भाग मोबाइल सेवेला दिलेला आहे. आमच्या गच्चीवरून मोबाइलचा मनोरा स्पष्ट दिसतो. अँटेनाचे तोंडही साधारण त्याच बाजूला आहे. म्हणजे मनोऱ्याचा जोरकस सिग्नल कोणतीही गाळणी न लागता बूस्टरमध्ये शिरतो, बूस्टर त्याच्या आवाक्याबाहेर ढकलला जातो आणि टीव्हीचे चॅनेल त्यात चिरडले जातात. मोबाइलचे सिग्नल रोखणारा फिल्टर बोटाएवढा असतो आणि बूस्टरच्या आधी जोडायचा असतो. तंत्रज्ञाने त्याचे नावही काढले नाही.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. बूस्टर काढून केबलची दोन टोके साध्या जोडणीने थेट जोडली, तेव्हा कोरड्या दिवशी सगळे चॅनेल लगेच परत आले. (नुसते बटण बंद करून हे कळत नाही, कारण बंद बूस्टरमधून सिग्नल धड पुढे जात नाही.) नंतर पाऊस असताना छोटा टीव्ही वर जिन्याच्या आडोशाला नेऊन अँटेनाच्या तारेला थेट लावला. एकही चॅनेल फुटला नाही. त्याच वेळी खाली दिवाणखान्यात ते नेहमीचेच चॅनेल फुटत होते. अँटेना निर्दोष, टीव्ही निर्दोष. उरली मधली केबल.

गच्चीच्या कठड्याखाली तिला एक जोड आहे. अँटेना बसवताना आपल्याच माणसांनी केलेला. वरची काळी चिकटपट्टी सोडवली तर आत कनेक्टर नाहीच! दोन तारा नुसत्या पिळून एकमेकींत अडकवलेल्या. बाहेरच्या जाळीचे, म्हणजे केबलच्या कवचाचे, तांबे हिरवे-काळे पडलेले, बोटाने चोळले की भुगा होणारे. आतला पांढरा फोम पिवळा पडलेला, आणि दाबला तर कापल्या जागेतून पाण्याचा थेंब बाहेर आला. त्यात जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकलेला होता. टीव्हीची केबल, टोकापासून टोकापर्यंत, 75 ओहम या एकाच विद्युत मापाची असावी लागते; असा जोड त्या मापाचा राहत नाही. सिग्नल तिथे आपटून अंशतः मागे फिरतो, आणि किती फिरेल ते प्रत्येक वारंवारतेला वेगळे असते. ठरावीक चॅनेलच का फुटायचे, त्याचे उत्तर हे. शिवाय पाणी जाळीतून वातीसारखे खाली ओढले जाते, म्हणून नुसता जोड नवा करून भागणार नाही, त्याखालची भिजलेली केबल पूर्ण बदलावी लागेल.

जिन्यातला दिवा लावला की चित्राला हिसका बसतो, हीसुद्धा जुनी तक्रार. त्यावर “दिवा बदला” असा सल्ला मिळाला होता. स्वस्त एलईडी दिव्यांतून असा त्रास होतो, मान्य. पण तो आत शिरायला केबलचे कवच कुठेतरी उघडे असावे लागते. टीव्हीच्या मागच्या प्लगमध्ये जाळी पकडीत बसवलेलीच नाही, नुसती मागे दुमडून ठेवली आहे. शयनगृहासाठी लावलेला स्प्लिटर (एक सिग्नल अनेक टीव्हींत वाटणारा) चार तोंडांचा आहे, वापरात दोन. चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक टोकाला सुमारे 7 डेसिबल जातात, दोनाच्यात याच्या निम्मे. म्हणजे सिग्नल आधी उधळायचा आणि मग बूस्टर विकून भरपाई करायची!

“थोडेफार फुटणारच, चालवून घ्या” हेही मला ऐकवले गेले. जुन्या टीव्हीवर सिग्नल घसरला की मुंग्या यायच्या, त्यातून कार्यक्रम तरी पाहता यायचा. डिजिटलमध्ये अगदी काठावर असलेला सिग्नल जरासा घसरला की चित्र सरळ जातेच. त्यामुळे चालवून घेण्यासारखे इथे काही नाही.

आपल्या बिलावर कामाची हमी छापलेली आहे आणि ती संपलेली नाही. बूस्टर परत न्यावा आणि त्याची पूर्ण रक्कम, तो बसवण्याच्या शुल्कासह, परत करावी. जोडापासून खालची केबल अखंड, दुहेरी कवचाची नवी टाकावी, टोकांना दाबून बसवलेले कनेक्टर लावावेत आणि बाहेरच्या कनेक्टरवर पाणी न शिरणारी पट्टी गुंडाळावी. स्प्लिटर दोन तोंडांचा द्यावा. काम झाल्यावर अँटेनाशी आणि दोन्ही टीव्हींच्या सॉकेटवर मीटरने मोजलेले आकडे, पातळी आणि गुणवत्ता दोन्ही, बिलावर लिहून द्यावेत. त्या आकड्यांवरून फिल्टरची गरज दिसली तर तोही बसवावा, त्याचे पैसे मी देईन.

हे पंधरा दिवसांत झाले नाही, तर हेच पत्र छायाचित्रांसह ग्राहक आयोगाकडे पाठवीन.

गच्चीची किल्ली आणि शिडी माझ्याकडे आहे. तंत्रज्ञाने यायच्या आधी फोन करावा आणि मीटर घेऊन यावे.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, काढलेल्या जोडाची व प्लगची छायाचित्रे, सिग्नलच्या पट्ट्यांची बूस्टरसह आणि बूस्टरशिवाय घेतलेली छायाचित्रे