दुसऱ्या धर्मग्रामात जाणे हा गुन्हा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘चर्च ही काय आवडीनिवडीने ठरवायची गोष्ट आहे?’ असा सवाल करणारे पत्र आपल्या सदरात नुकतेच वाचले. कॅथलिक माणसाने आपल्या हद्दीतल्या धर्मग्रामातच (म्हणजे पॅरिशमध्येच, एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समाजात) जावे, फादरांशी पटत नाही म्हणून दुसरीकडे वळणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे त्या वाचकांचे म्हणणे. मला ते मान्य नाही. चर्चच्या कायद्यालाही ते मान्य नसावे, असे तो वाचल्यावर वाटते.

१९८३च्या धर्मसंहितेप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या ग्रंथाप्रमाणे, धर्मग्राम सहसा हद्दीवरून ठरतो, हे खरे. पण त्याच कलमात (५१८) भाषा, उपासनाविधी किंवा राष्ट्रीयत्व यांवरून वेगळे धर्मग्राम स्थापन करण्याचीही सोय आहे. रविवारच्या मिस्सेचे, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेचे, बंधन तर कुठल्याही कॅथलिक मिस्सेला हजर राहून पाळता येते, आदल्या संध्याकाळची मिस्साही चालते (कलम १२४८). पापनिवेदन कोणाकडे करावे, हेही ज्याचे त्याने ठरवायचे. घोळ होतो तो कागदांचा. मुलाचा बाप्तिस्मा साधारणपणे आईवडिलांच्या धर्मग्रामात होतो. लग्नासाठी वधूवरांपैकी एकाचे तिथे घर किंवा निदान महिनाभराचा मुक्काम लागतो, नाहीतर परवानगी काढावी लागते. त्यामुळे दुसरीकडे रुळायचे असेल तर दोन्ही कार्यालयांत आधीच सांगून ठेवलेले बरे. लग्न तोंडावर आल्यावर धावपळ करणारी जोडपी काही कमी नसतात.

पण मुळात माणसे जातात का? प्रवचन लांबले म्हणून फारसे कोणी जात नाही. जाते ती घटस्फोटित बाई, जिला शेजारच्या बाकावरून कुजबुजत सांगितले जाते की आता तुला ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेता येणार नाही. हे साफ चूक आहे. नुसत्या घटस्फोटामुळे कोणी ख्रिस्तप्रसादाला मुकत नाही. पहिला विवाह चर्चने रद्दबातल ठरवलेला नसताना दुसरा संसार थाटला तर प्रश्न उभा राहतो, आणि तोही फादरांपाशी बसून बोलण्याचा असतो, बाकावर निकाली काढण्याचा नाही. जातात ते स्वमग्न मुलाचे आईवडील, कारण मूल ओरडले की शंभर माना वळतात. जातो तो समलिंगी तरुण, ज्याच्याशी शांतीचिन्हाच्या वेळी हात मिळवायला कोणी तयार नसते. ऑगस्ट २०२३मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिस्बनला जमलेल्या तरुणांना ठासून सांगितले होते की चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, सगळ्यांना, सगळ्यांना. ज्यांना ही जागा नाकारली जाते त्यांनी घरी बसण्यापेक्षा दुसऱ्या धर्मग्रामात जाऊन मिस्सा ऐकली, तर त्यात श्रद्धा कमी पडली कुठे?

अशांना माझे सांगणे एवढेच की नव्या धर्मग्रामाची पारख नाताळच्या गर्दीवरून करू नका. मधल्या वारी मिस्सेला जा आणि संपल्यावर थोडे रेंगाळा, कोणी ‘नवे दिसता’ म्हणून विचारते का पाहा. सूचनाफलक वाचा. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घरी पोहोचवतात का, पापनिवेदनाची वेळ नोकरदाराला जमण्यासारखी आहे का, चाकाची खुर्ची आत जाते का, गैरवर्तनाची तक्रार कुठे करायची ते लिहिले आहे का? प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे कलम ५३७नुसार सक्तीचे आहे. हिशेब मागच्या वेळी लोकांपुढे कधी आला, हे बेधडक विचारा. आणि कार्यालयात फोन करून आपली खरी अडचण सांगा. पहिल्या दोन वाक्यांतच सूर कळतो.

फादरांवर भाळून मात्र धर्मग्राम निवडू नये. त्यांची बदली होते, तुम्ही तिथेच राहता.

‘माझ्या मूल्यांशी जुळणारे धर्मग्राम हवे’ असे कोणी म्हटले, तर तिथेही मी जरा थबकते. न जन्मलेल्या जिवाबद्दल बोलणारे आणि गरीब-स्थलांतरितांबद्दल बोलणारे असे दोन तट मला दिसतात, पण चर्चची शिकवण तर दोन्हींची आहे. एकच बाजू वर्षभर ऐकू येणारे धर्मग्राम मला अर्धे वाटते, मग ती बाजू माझ्या आवडीची का असेना. हद्दीच्या नियमाचा इथे खरा उपयोग आहे आणि या मुद्द्यावर मी त्या पत्रलेखकांशी सहमत आहे. आपण स्वतःहून कधी निवडली नसती अशी माणसे त्यामुळे शेजारी येऊन बसतात. म्हणूनच उठून जाण्याआधी एकदा फादरांशी स्पष्ट बोलावे. आपले म्हणणे धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क कलम २१२ने दिला आहे, प्रसंगी ते कर्तव्यच मानले आहे. नुसते मतभेद असतील तर राहावे. अपमान होत असेल तर जावे, आणि जाताना ओशाळू नये.

पत्रलेखकांनी सगळा दोष जाणाऱ्यावर टाकला आहे. त्यांनी कलम ५२९ही वाचावे. घरोघरी जाऊन कुटुंबांची ओळख करून घेणे आणि गरीब, दुःखी, एकाकी माणसांना विशेष आस्थेने शोधणे हे काम ते धर्मगुरूवर सोपवते. त्यांच्या धर्मग्रामातून जी कुटुंबे गेली, त्यांच्या घरी नंतर कोणी गेले होते का, हे त्यांनी पुढच्या पत्रात जरूर कळवावे.

आपली,
एक कॅथलिक वाचक