लोखंड जळत नाही, पण वाकतं

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

मी उद्यमबागेत शेडच्या पेंटिंगची कामं घेतो. मागं शहापुरात आमच्या ओळखीतल्या एकाच्या मागाच्या शेडला आग लागली, वायरिंगची ठिणगी सुताच्या धुळीवर पडली एवढंच निमित्त, आणि बंब येईपर्यंत छपराचे ट्रस, म्हणजे पत्रे पेलणारे लोखंडी सांगाडे, वाकून मागांवर येऊन बसले. जो तो विचारायलाय, लोखंड कुठं जळतं होय? जळत नाही, पण 550 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि आगीत माल किती टिकतो हे बघायच्या टेस्टच्या भट्टीत 30 मिनिटांत 840 अंश होतात.

यासाठी फुगणारा पेंट मिळतो, लावल्यावर साधाच दिसतो. त्यात अमोनियम पॉलीफॉस्फेट, पेंटाएरिथ्रिटॉल आणि मेलामाइन अशी तीन रसायनं असतात. 200 अंशांच्या पुढं गेलं की पहिल्यातून आम्ल सुटतं, ते दुसऱ्यातलं पाणी ओढून त्याचा कोळसा करतं आणि तो कोळसा मऊ आहे तोवरच मेलामाइनचा वायू त्याला फुगवतो, दिवाळीतली सापगोळी आठवा. एक मिलिमीटरचा थर काही सेंटिमीटर होतो, आत नुसते बुडबुडे, त्यामुळं धग लोखंडाला उशिरा लागते. आग विझत नाही यानं. पण अर्धा तास, तास मिळतो, आणि आत अडकलेल्या कामगाराला तेवढाच पाहिजे असतो.

प्लॅस्टिकमध्ये पण ह्याच रसायनांची पावडर कालवतात. पॉलीप्रॉपिलीन नावाचं प्लॅस्टिक पेटलं की मेणासारखं गळतं आणि खालचं पण पेटवतं, ही पावडर असली की वर कोळशाची साय धरते आणि गळणं आवरतं. पावडरीऐवजी ब्रोमीनवाला माल कालवला तरी आग अडते पण धूर फार आणि आम्लाचा वायू वेगळा, कोंदट शेडमध्ये माणूस आधी धुरानंच जातो हो. ग्रॅफाइटचा पण एक प्रकार आहे, त्याच्या पापुद्र्यांत सल्फ्युरिक आम्ल बसवलेलं असतं, तापलं की भट्टीतल्या चुरमुऱ्यासारखं फुलतं, तेही शंभर-दोनशे पट.

मला वाईट वाटतं ते पुढचं. एका ठिकाणी मालकाला फायरप्रूफ म्हणून पैसे लावले आणि मारला एकच पातळ हात. हा पेंट जाडीवरच चालतो, थर पातळ तर फुगणार काय? गर्डर किती जाड, किती वेळ टिकायला पाहिजे, त्यावर थराचे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) ठरतात आणि ते पेंट वाळल्यावर जाडी मोजायच्या गेजनं मोजून घ्यायचे. शिवाय आपल्याकडचा पाऊस, खानापूर बाजूला तर विचारूच नका, ओल लागली की फॉस्फेट धुपून जातं, म्हणून उघड्यावर वरून टॉपकोट पाहिजेच. माझ्या कामांवर आजवर तपासणीला आलेल्यांनी आग विझवायचे सिलिंडर मोजले, तारीख बघितली, पेंटला गेज कुणी लावलं नाही. तपासणीत गेज लावणं सक्तीचं करा, ही अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती.

ज्यांना पटत नाही त्यांनी वर्कशॉपला यावं. दोन पत्रे ठेवतो, एकाला साधा इनॅमल पेंट, एकाला हा फुगणारा पेंट, आणि दोन्हीवर ब्लोटॉर्च धरून दाखवतो.

आपला,
एक पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर, उद्यमबाग, बेळगाव